सल्ला न देण्याचे शिक्षण

नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन करण्याच्या प्रशिक्षणातले माझे पहिले ध्वनिमुद्रित सत्र २२ मिनिटांचे होते आणि त्यात मी ११ सल्ले दिले होते. हा हिशेब माझा नाही. गटातल्या सहा सहकाऱ्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता माझ्या प्रत्येक ‘तुम्ही असं करा’ला कागदावर एकेक रेघ ओढली होती आणि शेवटी सगळ्यांच्या रेघा जुळल्या. समोर बसलेल्या बाईंचा आवाज साऱ्या सत्रात मिळून पाच मिनिटेही ऐकू येत नव्हता. एकोणीस वर्षे परिचारिका म्हणून काढल्यावर आपल्याला रुग्णाशी बोलता येते, अशी माझी पक्की समजूत होती. ती त्या दुपारी कोसळली, आणि माझे प्रशिक्षण खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. आमच्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत कोणी येत नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, हातापायांत त्राण नाही, डोके जड झाले आहे, असे सांगत लोक येतात. फारच खोदून विचारले तर ‘टेन्शन’ हा शब्द बाहेर पडतो. अशा रुग्णाचा रक्तदाब मोजायचा, हिमोग्लोबिन तपासायचे, जीवनसत्त्वांच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायच्या, आणि महिन्याभराने तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन आला की पुन्हा तेच करायचे, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत होती. प्रकृती गंभीर वाटली तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाची चिठ्ठी दिली जाई. पण सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावरून बांबोळीला जायचे म्हणजे बसची अदलाबदल, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि ‘बांबोळीला कशाला गेली होतीस?’ या प्रश्नासाठी तयार ठेवायचे उत्तर, असा तिहेरी खर्च असतो. त्यामुळे अनेक चिठ्ठ्या आमच्याच केंद्राच्या फाटकाबाहेर घडी होऊन पर्समध्ये जात आणि तिथेच राहत.

जी पद्धत आम्हाला शिकवली गेली तिला मराठीत ‘वर्तन सक्रियीकरण’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना आमच्यापैकी निम्म्या जणींची जीभ अडखळत असे. मूळ इंग्रजी नाव ‘बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन’ असल्याने पहिल्याच दिवशी त्याचे ‘बी.ए.’ झाले आणि गटातल्या औषधनिर्मात्याने ‘पन्नाशीला आलो, आता बी.ए. करतोय’ असे घरी जाहीर करून टाकले.

पद्धतीमागचा विचार सांगायला सोपा आहे. माणसाच्या आयुष्यात काही तरी घडते, मन खचते, आणि खचलेले मन आधी ज्या गोष्टींतून थोडे समाधान मिळत होते त्यांच्यापासूनच माणसाला मागे ओढते. तो देवळात जायचे टाळतो, शेजाऱ्यांना टाळतो, अर्धवट राहिलेले काम टाळतो. टाळल्याने त्या घटकेपुरते बरे वाटते, पण दिवस रिकामा होत जातो आणि रिकाम्या दिवसात मन आणखी खचते. ‘बरे वाटू लागले की कामाला लागेन’ असे प्रत्येक जण म्हणतो. ही पद्धत उलट्या टोकाने सुरुवात करते आणि कृतीमागून मन येईल असे धरून चालते. चार्ल्स फर्स्टर आणि पीटर लुईन्सोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या विचाराचा पाया घातला. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की विचार बदलण्यावर भर देणाऱ्या पूर्ण उपचाराने जेवढा गुण येतो, जवळपास तेवढाच त्यातल्या नुसत्या कृतीच्या भागानेही येतो. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण विचारांची चिकित्सा शिकवायला वर्षे लागतात. कृतीचा भाग मात्र मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही शिकवता येण्याजोगा आहे.

तो तसा शिकवता येतो, हे दाखवणारा एक महत्त्वाचा पुरावा आमच्याच गोव्यातला आहे, ही गोष्ट मला त्या वर्गात बसेपर्यंत माहीत नव्हती, याचे आजही थोडे वैषम्य वाटते. ‘संगाथ’ या संस्थेने ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नावाने ही पद्धत इथल्या लोकांसाठी बेतली आणि राज्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तिची चाचणी घेतली. समुपदेशन करणारी माणसे स्थानिक होती आणि त्यांच्यापाशी मानसोपचाराचे आधीचे शिक्षण नव्हते. सत्रे सहा ते आठ, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाचे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर या सत्रांचा लाभ मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचे, पण थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. आकडे ऐकून वर्गात उत्साह पसरला तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी उरलेल्या ३६ टक्क्यांची आठवण करून दिली. कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचे हे ओळखणे शिकल्याशिवाय कोणालाही या खोलीतून बाहेर पडता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

त्या ओळखण्याचे साधन म्हणजे नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे. बेरीज शून्यापासून २७ पर्यंत जाऊ शकते आणि १५ किंवा त्याहून जास्त झाली की त्रास चांगलाच वाढलेला आहे असे समजायचे. कागद मराठीत होता, पण आमचे रुग्ण बोलतात घरच्या कोकणीत, आणि इथे एक गंमत झाली. ‘कामात रस किंवा आनंद न वाटणे’ हा प्रश्न मराठीत वाचून दाखवला की समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होई. तोच ‘कितेंच करूंक दिसना, अशें जाता?’ असा विचारला की मान हले. कोकणीत ‘दिसणे’ हे डोळ्यांचेही काम आहे आणि मनाचेही, ‘कशें दिसता?’ या दोन शब्दांत ‘कसे वाटते?’ हेही विचारले जाते, आणि रुग्णाला ते पुस्तकी मराठीपेक्षा जवळचे वाटते. मी स्वतः मराठी वाचत-लिहीत वाढले, आणि तरीही हे मान्य केले पाहिजे. मात्र प्रश्नाचा अर्थ तसूभरही न बदलता तो बोलीत विचारायचा, ही कसरत आम्ही जवळजवळ एक दिवस करत होतो.

नवव्या प्रश्नावर दुसरा दिवस गेला. मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करून घ्यावी असे विचार येतात का, हे विचारायचे होते. एका सहकारी परिचारिकेने स्पष्टच सांगितले की हे विचारले तर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्याही डोक्यात आपण घालू. ही भीती मलाही होती. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे बोलून दाखवायला पहिल्यांदा जागा मिळते, हे आम्हाला सांगण्यात आले; पण सांगून भीती जात नाही, म्हणून प्रत्येकीने प्रत्येकीला तो प्रश्न डोळ्यांत बघून विचारायचा, असा सराव झाला. पहिल्या फेरीत आमच्यापैकी बहुतेक जणी ‘असं काही नाही ना येत मनात?’ असे विचारत होत्या, म्हणजे उत्तर ‘नाही’ यावे याची व्यवस्था प्रश्नातच करून ठेवत होत्या. ‘हो’ असे उत्तर आले तर पुढे काय करायचे, हेही पाठ करून घेतले गेले: विचार आहे की बेत आहे हे विचारणे, साधन हाताशी आहे का हे पाहणे, माणसाला एकटे न सोडणे, डॉक्टरांना त्याच वेळी बोलावणे, घरातल्या विश्वासातल्या माणसाला रुग्णाच्या संमतीने सामील करून घेणे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून हातात देणे. नंतरच्या महिन्यांत मला दोनदा ‘हो’ असे उत्तर मिळाले. त्या दोन्ही वेळी तो कोरडा सरावच कामी आला.

वर्गातली सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र यापेक्षा साधी दिसणारी होती. भूमिका करून दाखवताना औषधनिर्मात्याने नैराश्य आलेल्या माणसाचे काम घेतले आणि मी समुपदेशक झाले. तो अतिशय वाईट नट आहे, पण गप्प बसण्यात पटाईत आहे. मी काहीही विचारले की तो ‘हूं’ म्हणे आणि जमिनीकडे बघे. मिनिटभरात माझ्या तोंडून ‘मन रमवा’, ‘मुलांकडे बघा’, ‘सकाळी थोडं चाला’ असे एकामागून एक बाहेर पडू लागले. प्रशिक्षकांनी थांबवून मला विचारले की हे सल्ले त्याला कोणी कोणी आधी दिले असतील? बायकोने, आईने, मेहुण्याने, शेजाऱ्याने, बहुधा सगळ्यांनी. मग माझा पगार कशासाठी?

मला तो प्रश्न झोंबला आणि मी उलटून विचारले की शेवटी तुमची ही पद्धतही ‘ऊठ आणि कामाला लाग’ हेच तर सांगते. मेहुण्यात आणि या पद्धतीत फरक तो काय? या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर मी नंतर नव्या सहकाऱ्यांना अनेकदा सांगितले आहे. मेहुणा काय करायचे ते आधी ठरवतो आणि मग माणसाकडे बघतो. इथे आधी आठवडाभर नुसते बघायचे असते: माणूस कोणत्या वेळी काय करतो आणि तेव्हा त्याला कसे वाटते, याची त्यानेच ठेवलेली नोंद. त्या नोंदीत सगळे तास सारखे काळे नसतात, आणि जो तास थोडा कमी काळा असतो तिथून कृती निवडायची असते. निवड त्याची, आणि आकार इतका लहान की वाईट दिवशीही जमावा. कधी, कुठे, कोणाबरोबर, आड काय येऊ शकेल, इतके सगळे बोलून घ्यायचे. आणि पुढच्या आठवड्यात ती झाली नाही तर मेहुणा म्हणेल ‘बघ, तुला करायचंच नाहीये’. आपण विचारायचे की आड काय आले, कारण जे आड आले तेच पुढच्या सत्राचे काम असते.

हे उत्तर मला त्याच दिवशी पटले. पटलेली गोष्ट तोंडात यायला मात्र चार महिने लागले.

ज्या बाईंना मी ११ सल्ले दिले त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत. घरचा ट्रक खनिज वाहतुकीला लागलेला होता. २०१८च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्यावर तो अंगणात उभा राहिला, शेवटी मिळेल त्या किमतीला विकला गेला, आणि कर्ज मात्र मागे राहिले. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर जाऊ लागला. प्रश्नावलीतली बेरीज १७ आली. नववा प्रश्न शून्य. डॉक्टरांनी तपासून सत्रांसाठी माझ्याकडे पाठवले आणि ध्वनिमुद्रणाला बाईंनी संमती दिली.

पहिल्या सत्रातला माझा सगळ्यांत लाडका सल्ला होता संध्याकाळी अर्धा तास चालण्याचा. आठवड्याने विचारले तर चालणे झाले नव्हते. मी, शिकलेले सगळे विसरून, व्यायामाचे फायदे पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी, गटात फजिती होऊन परत आल्यावर, मी फक्त विचारले, ‘वयनी, चलपाक भायर सरल्यार आड कितें येता?’ (चालायला बाहेर पडलं तर आड काय येतं?) बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की आमच्या वाड्यावर बाई काम नसताना रस्त्याने चालत नाही. चालली तर प्रत्येक दारातून ‘खंय गो वता?’ (कुठे गं चाललीस?) येते, आणि त्यांना त्या प्रश्नाचीच धास्ती होती, कारण महिला मंडळाच्या बचत गटाचे तीन हप्ते त्यांच्याकडे थकले होते आणि प्रत्येक दारात गटातली कोणी ना कोणी उभी असे. शहरातल्या उद्यानात गुणकारी ठरणारा सल्ला मी सत्तरीतल्या वाड्यावर नेऊन टाकला होता. त्या वाटेवर काय आहे, हे मी दोन आठवडे विचारलेच नव्हते.

नोंदीचा कागद आधी कोरा आला होता आणि मला मनातून राग आला होता. पुढे आम्ही अक्षरांऐवजी चित्रे ठरवली: बरे वाटले तर सूर्य, वाईट वाटले तर ढग, आणि वेळ म्हणून चहा, जेवण, दिवेलागण. मुलीने रेघा आखून दिल्या. आठवड्याच्या कागदावर ढगच ढग होते, पण सकाळच्या चहाच्या आधी पाच दिवस अर्धा सूर्य काढलेला होता. विचारले तर कळले की त्या वेळी बाई विहिरीचे पाणी काढून परसातल्या अबोलीला घालतात, कारण झाडे मेली तर सासूबाई बोलतील. दुपारी दोन ते पाच मात्र सलग ढग. तेव्हा त्या आतल्या खोलीत दार लावून पडून असत, म्हणजे कोणी हाक मारली तर झोपल्या आहेत असे सांगता येई.

‘मग फुले विकायला लागा’, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. ध्वनिमुद्रणात त्या ठिकाणी नऊ सेकंदांची शांतता आहे. गटात ती ऐकताना सगळे हसले, कारण मी काय गिळले हे प्रत्येकाला ऐकू आले. शांततेनंतर बाईंचा आवाज येतो की पूर्वी त्या फाती, म्हणजे फुलांच्या वेण्या, करत असत, शुक्रवारी देवीला घालायला आणि शेजारणीला द्यायला; आता फुले झाडावरच सुकतात. पहिली कृती ठरली ती एका फातीची: गुरुवारी दुपारी तीन वाजता, आतल्या खोलीऐवजी मागच्या पडवीत बसून, मुलगी शाळेतून येईपर्यंत. फाती अर्धीच झाली. तिच्या शेजारी मुलीने सूर्य काढला होता आणि आईने तो खोडून ढगाच्या आडचा सूर्य केला होता.

फातीने नैराश्य गेले, असे कोणी समजू नये. खरी गाठ थकलेल्या हप्त्यांची होती आणि ती सोडवायला दोन सत्रे गेली. कोणाशी बोलायचे, काय बोलायचे, किती रक्कम जमेल, हे सगळे त्यांनी खोलीत माझ्यासमोर आधी बोलून पाहिले. मी गटाच्या अध्यक्षा झाले आणि औषधनिर्मात्यापेक्षा बरा अभिनय केला. मधल्या एका आठवड्यात त्या आल्याच नाहीत. पूर्वी मी रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ लिहून मोकळी झाले असते. या कामात फोन करायचा असतो, आणि तो करून ‘का आला नाहीत?’ असे न विचारता ‘यायला काय जड गेलं?’ असे विचारायचे असते.

गटाच्या बैठकांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण चार दिवसांचे वर्ग घेऊन छायाचित्र काढून पांगणारी प्रशिक्षणे मी पुष्कळ पाहिली आहेत. इथे दर पंधरवड्याला आम्ही एकमेकांची ध्वनिमुद्रणे ऐकून ठरलेल्या तक्त्यावर गुण देत होतो: रुग्णाला बोलू दिले का, मागच्या कृतीचा आढावा घेतला का, कृती आणि मन यांचा संबंध त्याच्याच उदाहरणातून दाखवला का. सुरुवातीला आम्ही परस्परांना लग्नातल्या आहेरासारखे गुण वाटत होतो. प्रशिक्षकांनी तेच ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे तपासून आपले गुण फळ्यावर लिहिले, तेव्हा अंतर बघून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग हळूहळू आम्ही कारणासह गुण देऊ लागलो, आणि कारण द्यायचे तर नीट ऐकावे लागते. माझ्या मते शिकणे सर्वांत जास्त झाले ते या खुर्च्यांवर.

अडचणी उरल्याच. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पाऊण तास एका माणसाला देणे म्हणजे बाहेरच्या वीस जणांची नाराजी. लसीकरणाच्या दिवशी सत्र ठेवताच येत नाही. आमच्या केंद्रात दार लागणारी एकच खोली मोकळी होती आणि तिथे जुनी कपाटे होती. ती हलवायला जेवढे अर्ज लागले तेवढे संपूर्ण प्रशिक्षणाला लागले नाहीत.

त्या बाईंची सत्रे सात झाली. शेवटच्या सत्रात बेरीज ६ होती. पावसाळा तोंडावर होता. पावसात परस चिखलाचे होते, अबोली झडते, बाहेर पडणे कमी होते, हे त्यांनीच आठवण करून दिले आणि अशा दिवसांसाठी काय ठेवायचे, याचा नवा कागद त्यांनी बसल्या बसल्या स्वतः भरला, या वेळी चित्रांऐवजी अक्षरांत. सत्राचे कागद नियमाप्रमाणे फाइलला लावायचे असतात. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि विचारले, ‘सिस्टर, हें म्हजें न्हय?’

फाइलमध्ये त्या कागदाची झेरॉक्स आहे.